पप्पांना सांगायचं नाही

आमच्या रचनाला इथं कल्याणजवळ मोहन्यात हल्ली 'डोपिंगवाली' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, कारण मी तिची आत्या आहे आणि कलावतीचं तोंड कसं आहे ते अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून जन्म काढला मी. हेडमास्तरसुद्धा मला काही बोलायच्या आधी खाकरून घ्यायचे. पण या एका गोष्टीत माझं तोंड बंद आहे. पोरीनंच बंद केलंय. रात्र रात्र झोप लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही काही चांगदेवाला भेटायला जाणार नाही.

चांगदेव म्हणजे रचनाचा बाप, माझा धाकटा भाऊ. कंपनीत होता, कंपनी बंद पडली तसा कल्याणला एका सोसायटीत वॉचमन लागला. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या बुद्धविहाराचा सेक्रेटरी आहे. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या अंथरणार, मेणबत्त्या लावणार, आणि कुणी उशिरा आलं तर नुसता बघणार. बोलणार नाही. बोलायचं काम देवानं, म्हणजे आमच्यात देव नाही, पण ज्यानं कुणी वाटलं त्यानं सगळं मला दिलं.

त्याची बायको तुळसा. सोन्यासारखी बाई. रचना शाळेत असताना तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चांगदेव म्हणाला, साधं आहे, लिंबू-साखर दे, सकाळी बघू. सकाळी तिला कल्याणच्या दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाला, अंगातलं पाणी संपलंय, आधी आणून सलाईन लावली असती तर वाचली असती. डॉक्टर बोलून मोकळा झाला. ते वाक्य माझ्या भावाच्या छातीत जाऊन बसलं ते अजून तिथंच आहे. तुळसाच्या जलदानाचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी हा उल्हास नदीवर बंधाऱ्याकडं गेला, कपड्यांसकट पाण्यात उतरला. जाळी टाकणारे दोघे होते म्हणून काठावर आला. मी पोरीला पोटाशी धरून तिथंच उभी होते. तिनं सगळं बघितलं. तेव्हापासून मी माझं बिऱ्हाड उचलून त्यांच्या खोलीत आले, आणि तेव्हापासून चांगदेवाला एकच औषध ठाऊक. चाळीत कुणाचं अंग तापलं की हा दारात उभा: सलाईन लावा, थांबू नका.

पोरीनं आईमागं पळायला घेतलं. सुरुवातीला मला वाटलं, दुःखानं पळतेय, थांबेल. ती कसली थांबते. आठशे मीटर धावायची, ग्राउंडच्या दोन चकरा. बघायला सोपं वाटतं. दुसऱ्या चकरीत पोरींची तोंडं बघा, बाळंत होणाऱ्या बाईचं तोंड तसं होतं. ठाण्यातल्या नौपाड्याच्या सलिल सरांनी तिला एका शालेय स्पर्धेत हेरली. सर स्वतः युनिव्हर्सिटीकडून पळालेले, शुद्ध बोलणारे, मला 'कलावतीबाई' म्हणणारे. पैसे घेतले नाहीत कधी. पण नियमाचे असे पक्के की मी त्यांना मनात हवालदार म्हणायचे.

त्यांनी पोरीला पहिली गोष्ट शिकवली ती पळायची नाही, खायची. सरांना विचारल्याशिवाय एक गोळी घ्यायची नाही. खोकल्याचं औषध नाही, सांधेदुखीचं मलम नाही. मी मायेनं आलं-मिरीचा काढा केला तर त्यात कुणी दिलेली पूड घातली होती म्हणून बाईसाहेबांनी माझ्यादेखत मोरीत ओतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, अगं, तुझ्या बापाला याच काढ्यावर वाढवलाय. तर म्हणाली, पप्पांची कुणी लघवी तपासत नव्हतं.

आणि तपासायला यायचे की. एकदा सकाळी सकाळी एक बाई नि एक बाप्या दारात. बाई म्हणाली, मी तिच्याबरोबर संडासात येणार, समोर उभी राहणार. मी झाडू उचलला. चाळ गोळा झाली. रचना हसून हसून खाली बसली, मग म्हणाली, आत्या, अगं हे असंच असतं, येऊ दे त्यांना. तिला कधीच कसली भीती नव्हती. एका स्पर्धेत तर तपासणीवाले आलेत अशी नुसती कुजबुज झाली नि निम्म्या पोरींचे पाय मुरगळले, कुणाच्या पोटात कळ आली, कुणी बाथरूमला गेली ती गेटबाहेरच. शर्यतीला आमची नि अजून एक, दोघीच उभ्या. सर त्या दिवशी माझ्याशेजारी बसलेले, त्यांचे डोळे भरून आले होते.

पण लोकांचं तोंड कोण धरणार. गेल्या वर्षी तिचा टाइम एकदम सुधारला. झालं. ठाण्याच्या ग्राउंडवर पायऱ्यांवर बसणाऱ्या आया आपसात बोलायला लागल्या. इतकी कशी सुधारली? आवाज बघा किती घोगरा. छाती बघा, आहे का काही? मी एकीला विचारलं, तुमची पोरगी शेवटून पहिली येते, ती काय खाते ते सांगा, म्हणजे आमची ते टाळेल. ती बाई परत माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाही. संशय मात्र एकदा अंगाला चिकटला की चिकटला. रचना म्हणायची, आत्या, भांडू नको, माझी लघवी माझी साक्षीदार आहे.

एशियन स्पर्धेच्या निवडीची शर्यत तोंडावर आली होती. पोलिसात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचंही जवळपास ठरलेलं. मी दिवा गावाला भाचीच्या बाळंतपणाला गेलेले. तिथं पाण्याची बोंब, बाळंतिणीला आंघोळीला पाणी नाही, मी त्यातच अडकलेले. आणि इकडं रचनाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

तीच लक्षणं. तीच खोली. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, हाक मारली तर ओ देईना. आता मला सांगा, माझा भाऊ काय करणार होता? त्यानं सरांना फोन लावला नाही, मला लावला नाही. पोरीला उचलली, रिक्षात घातली, स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात नेली. दोन खाटांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरला सलाईन लावा म्हणावं लागत नाही, तो माणूस दारात दिसला की बाटली टांगतो. हिलाही लावली. आपल्याकडं सगळ्यांना लावतात, त्याशिवाय पेशंटला बरं झाल्यासारखं वाटत नाही.

बाटली अर्धी झाल्यावर पोरीच्या तोंडावर जरा रंग आला. चांगदेवाला काय आनंद झाला असेल. त्यानं मोबाइल काढला, हाताला सुई लावलेल्या रचनाचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं: माझी वाघीण लवकर बरी होणार, जय भीम. आमच्यात पद्धतच आहे ती. माणूस आजारी पडला की सलाईनसकट फोटो जातो, मग लोक हात जोडलेली चित्रं पाठवतात, नारळपाणी घेऊन येतात. फोटो नाही टाकला तर नातेवाईक नंतर रुसतात, आम्हाला कळवलंही नाही म्हणून. दिव्यात बसून मीसुद्धा तो फोटो बघितला नि हात जोडले.

आता नियम ऐका, कारण मलाही तो नंतरच कळला. सलाईनमध्ये औषध नसलं तरी पळणाऱ्या पोरीला ती चालत नाही. मोठ्या दवाखान्यात दाखल करून, कागदपत्रं करून लावली तर चालते. अशी कुठंही, एवढी बाटली लावली तर तो गुन्हा, कारण काही घेतलं असेल तर ते पाण्यानं धुऊन टाकता येतं म्हणे. रचनाला हे पाठ होतं. शुद्धीवर येऊन तिनं वर बघितलं तेव्हा बाटली संपत आलेली. ती सुई ओढून काढणार होती. पण चांगदेव तिचं तोंड ओल्या रुमालानं पुसत होता आणि रडत होता. म्हणत होता, तुझ्या आईला नाही लावता आली गं, तुला लावली. तिनं हात तसाच ठेवला. हे तिनं मला पुढं सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

दुसऱ्याच दिवशी तिनं स्वतः सरांना फोन करून सगळं सांगितलं. हे लक्षात ठेवा, तिनं लपवलं नाही. सर म्हणाले, नंतरही परवानगी मागता येते, डॉक्टरचा कागद आण. डॉक्टरकडं गेलो मी आणि सर. पाटीवर एक डिग्री, बोलण्यात दुसरी. सरांचं इंग्रजी ऐकून त्याला घाम फुटला. म्हणाला, मी सलाईन लावलीच नाही, दोन गोळ्या दिल्या. खाटेवर त्या वेळीही एक म्हातारा बाटली लावून झोपलेला, त्याच्यादेखत म्हणाला. मी त्याला जे काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. उपयोग काय? तोवर कुणीतरी तो फोटो वर तपासणीवाल्यांकडं पाठवून दिला होता. कुणी ते आजही कळलं नाही. चांगदेवाच्या मोबाइलमध्ये ग्राउंडवरच्या अर्ध्या लोकांचे नंबर. दोन डोळे नि एक अंगठा, एवढं पुरतं.

सरांच्या पत्त्यावर नोटीस आली तेव्हा त्यांनी आम्हाला नौपाड्याला घरी बोलावलं. चांगदेव ड्युटीवर होता. सरांनी सगळं समजावलं. अजून एक रस्ता आहे, म्हणाले. डॉक्टर फिरला, साक्षीला तिचे वडीलच उरले; त्यांनी कॉम्प्युटरवर समितीसमोर सांगायचं की मुलगी शुद्धीवर नव्हती, निर्णय मी घेतला, फोटो मी टाकला. मग शिक्षा अगदी थोडी होईल, कदाचित नुसती ताकीदच. एशियन वाचेल, नोकरी वाचेल. मी उठलेच. म्हटलं, चला, चांगदेवाला आत्ता बोलावते.

रचना जागची हलली नाही. "पप्पांना सांगायचं नाही," म्हणाली.

मला वाटलं पोरीला समजलं नाही. मी परत सगळं सांगायला लागले. तिनं मला थांबवलं.

"आत्या, आईला सलाईन लावली नाही म्हणून ते नदीवर गेले. मला लावली म्हणून परत जातील."

मी तोंडाळ बाई, पुष्कळ वाद घातला. म्हटलं, तो बाप आहे तुझा, लहान लेकरू नाही. म्हटलं, मी चोवीस तास त्याच्याजवळ बसेन. ती म्हणाली, तेव्हाही तू जवळच होतीस. खरं होतं ते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, तीन-चार वेळा केलं असं. शेवटी म्हणाले, रचना, यात तुझं सगळं जाईल. ती म्हणाली, माहीत आहे सर, पण माझ्याकडं दुसरे पप्पा नाहीत. मग तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि मला शपथ घ्यायला लावली. मी घेतली. काय करू? आमच्यात शपथाबिपथा मानत नाहीत, पण पोरीचं डोकं ते पोरीचं डोकं.

दोन वर्षांची बंदी झाली. दोन वर्षं म्हणजे तुमच्या-माझ्या आयुष्यात चुटकीसरशी जातात, पळणाऱ्या पोरीचं त्यात सगळं सरतं. एशियन गेली, नोकरी गेली. पेपरात चार ओळी आल्या: कल्याणच्या धावपटूवर उत्तेजकविरोधी नियमांखाली कारवाई. सलाईनचा उल्लेख नाही. आणि असता तरी कुणी मानलं असतं का? सलाईन हा गुन्हा असतो हे आपल्या माणसाला स्वप्नातही पटणार नाही. ज्यांनी त्या फोटोखाली हात जोडले होते, तेच आता म्हणायला लागले, ड्रग घ्यायची, कळत होतंच. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. नाक्यावरची पोरं गर्दुल्ल्यासारखं झुलून दाखवायची. एकाच्या कानाखाली मी जाळ काढला.

चांगदेव आधी भांडला. माझी पोरगी असं करणार नाही म्हणून सगळ्यांना सांगत फिरला, सोसायटीतल्या एका वकिलाला विचारून आला, म्हणाला आपण लढू, सरांना फोन लाव. रचना म्हणायची, नको पप्पा, जाऊ दे. एकदा नको, दोनदा नको. मग हळूहळू त्याच्या डोक्यात शिरलं की ही लढत नाही म्हणजे हिनं काहीतरी घेतलंच असेल. तेव्हापासून तो गप्प झाला. विहाराच्या दारावर तिचा बॅनर होता, 'मोहन्याची शान' लिहिलेला. तो त्यानं स्वतः शिडी लावून उतरवला, घडी घातली, कपाटामागं ठेवला. जेवण तुटलं. ताट पुढं करायची नि तो पाण्याचा घोट घेऊन उठायचा. मला भीती वाटायला लागली की ज्यासाठी पोरीनं सगळं सोसलं तेच होतंय का काय. मी त्याच्या मागंमागं राहायला लागले. दुकानात निघाला तरी मी चप्पल घालायची.

एका संध्याकाळी मी चूल-भांड्यात होते, आमची एकच खोली, मधे नुसतं कपाट. चांगदेवानं रचनाला समोर बसवलं.

"बाळा, मला एकदाच खरं सांग. तू घेतलं होतंस?"

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. पोळी तव्यावर करपत होती. मी मनात म्हटलं, नाही म्हण. नाही म्हण गं बाई. नाही म्हणालीस तर तो विचारील, मग बंदी कशाची, आणि मग मी सांगेन, शपथ गेली उडत. मी कपाटाच्या कडेनं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, सरळ.

"हो पप्पा," ती म्हणाली. "घेतलं."

"का?"

"जिंकायचं होतं."

मला वाटलं आता उठेल, दाराबाहेर जाईल. तो उठला नाही. त्यानं हात लांबवून तिच्या केसांवर ठेवला. म्हणाला, "खोटं बोलली असतीस तर मी मेलो असतो. चूक माणसाकडनं होते. माझ्याशी खरं बोललीस, मला तेवढं पुरे." मग मला हाक मारून म्हणाला, ताई, वाढ, भूक लागलीय. आणि जेवला हो. किती दिवसांनी पोटभर जेवला. रचनानं त्याला वाढलं, वर थोडा भात घ्या म्हणाली. मी करपलेली पोळी घेऊन मोरीत जाऊन बसले आणि नळ सोडून रडले.

त्या रविवारी तो म्हणाला, तिघंही विहारात जायचं, तोंड लपवायचं नाही. गेलो. बायकांच्या बाजूला रचनाला नि मला आपसूक मोकळी जागा मिळाली, कुणी जवळ बसेना. पंचशील म्हणायला सुरुवात झाली. एक, दोन, तीन, रचना सगळ्यांबरोबर म्हणत होती, तिचा आवाज तसाही भरदार. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. तिचा आवाज बंद झाला. मी शेजारी होते म्हणून मला कळलं, ओठ घट्ट मिटलेले, मान खाली. मग पाचवं आलं, नशेपासून लांब राहण्याचं, आणि ते तिनं मान वर करून, खणखणीत म्हटलं. पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

वंदना झाल्यावर चांगदेव उभा राहिला. चार माणसांत कधी न बोलणारा माझा भाऊ, हात जोडून उभा राहिला. म्हणाला, माझ्या मुलीकडनं चूक झाली हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मी तिची बाजू घेत नाही. पण मी विचारलं तेव्हा तिनं तोंडावर कबूल केलं. माझी रचना खोटं बोलत नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

त्याची छाती भरून आली होती. पुष्कळ दिवसांनी त्याची मान ताठ दिसत होती. मी उठायला गेले. गुडघ्यावर हात टेकला, तोंडापर्यंत सगळं आलं होतं. रचनानं माझं मनगट धरलं. त्या पोरीच्या हातात केवढी ताकद आहे, मला आधी माहीत नव्हतं. तिनं सोडलं नाही, तो खाली बसेपर्यंत सोडलं नाही, आणि सगळा वेळ ती त्याच्याकडं बघून हसत होती.